मोठीमाय आणि उभी माशी

आमची मोठीमाय पुराला भीत नसे, कोल्ह्यांना भीत नसे आणि गावच्या पोलीसपाटलाला तर अजिबातच भीत नसे. पण एवढीशी गांधीलमाशी दिसली की बाईचा अवतार बदलायचा. त्यासाठी तिच्या डाव्या खांद्यावर कायम एक ओलं फडकं असे. मोठेबाबांच्या जुन्या धोतराचा तो तुकडा होता. वाढता वाढता, बोलता बोलता, एखाद्याला शिव्या देता देता ते फडकं फटकन हवेत फिरायचं आणि माशी वाळूत पडायची. मग मोठीमाय वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं उचलायची. नव्या माणसाला वाटायचं, बाईला काहीतरी झटके येतात. आम्हाला सवय होती.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची, मोठेबाबांची, बायको. गोंडपिपरी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर आमचं गाव. आम्ही ढिवर, त्यामुळं पावसाळ्यात जाळं आणि दिवाळीनंतर वाळू. नदीचं पाणी उतरलं की मधली वाळू उघडी पडते आणि घरोघरची माणसं आपापला पट्टा आखून घेतात. वाळूत खड्डे खणायचे, त्यात शेणखत भरायचं आणि टरबूज, काकडी, डांगर लावायचं; आमच्याकडं खरबुजाला डांगर म्हणतात. शेजारी झिरा खणायचा, त्यातलं पाणी गुंडानं, म्हणजे घागरीनं, आणून वेलांना घालायचं. हीच आमची डांगरवाडी. होळी होऊन ऊन तापेपर्यंत मोठीमायचा मुक्काम वाडीतल्या खोपडीत असे आणि तिच्यासोबत माझाही. गावात तिचं घर होतं, पण त्या दिवसांत ते नुसतं भांडी ठेवायला.

ती उंच होती आणि तिचा आवाज तिच्याहून उंच. ह्या काठावरून तिनं हाक मारली की पलीकडच्या काठावरची बाई ओ द्यायची. वाडीचा तिला भारी गर्व. तिच्या वाडीतलं डांगर खाल्लं की माणूस सासुरवाडीचं नाव विसरतो, असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, आणि गिऱ्हाईक सासुरवाडीला निघालेलं असलं तर मुद्दाम. मोठेबाबा जाळं विणत बसलेले असायचे. त्यांना बोलायची फार गरज पडत नसे, कारण दोघांच्या वाटणीचं ती एकटीच बोलून टाकायची.

वाडीतलं पहिलं पिकलेलं डांगर मात्र तिनं कधी कुणाला विकलं नाही, चाखलंही नाही. ते नदीचं. सकाळी अंघोळ करून ती कमरेइतक्या पाण्यात शिरायची आणि डांगर प्रवाहात सोडायची. दुसरं डांगर घरातल्या लेकराच्या ओटीत, म्हणजे माझ्या. आधी जिची वाळू तिले, मग ज्याचं पोट त्याले, असा तिचा हिशेब. तिला स्वतःचं मूल नव्हतं. त्या गोष्टीवर ती कधी बोलली नाही, आणि जिला सगळ्यावर बोलता येतं ती बाई एका गोष्टीवर बोलत नाही हे लहान मुलालाही कळतं.

गांधीलमाशीचं वैर मात्र जुनं होतं. मोठीमाय लग्न होऊन आली तेव्हा माझे वडील शेंबडं पोरगं होते आणि सासू आधीच गेलेली. तिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं, तिनंच मोठं केलं. एकदा करंजाच्या झाडावरचं गांधीलमाशांचं पोळं त्यांनी दगडानं पाडलं आणि माशा त्यांच्या डोक्यावर बसल्या. तोंड सुजून डोळे दिसेनात, श्वास लागला. मोठीमाय त्यांना खांद्यावर टाकून फाट्यापर्यंत धावत गेली आणि रस्त्यात दिसेल त्या गाडीपुढं आडवी उभी राहिली. वडील वाचले. ती मात्र त्या दिवसापासून पिवळं-काळं काही उडताना पाहिलं की फडकं काढायची. लेकरू जवळपास असलं तर आधी फडकं, मग चौकशी.

ह्याच दिराला पुढं माझी आई नदीवरून उठवून घुग्घुसला घेऊन गेली. निदान मोठीमायचं म्हणणं तसं होतं. आईचं माहेर तिकडचं. खदानीच्या बाजूला हाताला बारमाही काम मिळतं, नदीसारखं आज आहे उद्या नाही असं नसतं, हे आईनं वडिलांना सांगितलं आणि त्यांना पटलं. तिथं ते कोळशाच्या ट्रकवर कामाला लागले. मी चालायला-बोलायला लागले आणि एका सकाळी पाळी संपवून सायकलवर घरी येताना त्यांना ट्रकनं उडवलं. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. त्यांच्या अंगाचा कोळशाचा वास आठवतो, तोही खरा की ऐकून ऐकून झालेला, सांगता येत नाही.

आईला एका खानावळीत पोळ्या लाटायचं काम मिळालं. राहायला जागा नव्हती, खानावळीच्या मागच्या पडवीत ती आणखी दोन बायांबरोबर झोपायची. तिथं लहान मुलीला कुठं ठेवणार? तिनं मला मोठीमायच्या हवाली केलं. मोठीमायनं मला घेतलं आणि त्याच दिवसापासून आईशी बोलणं टाकलं. आईचं नावही ती घेत नसे. ती फक्त घुग्घुसवाली म्हणायची. माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणायची की घुग्घुसवालीनं माझा देर खाल्ला. मग फणी जरा जोरात फिरायची, आणि मी ओरडले की लगेच फुंकर घालायची.

सुट्टी मिळेल तेव्हा आई यायची. चंद्रपूरला बस बदलायची, गोंडपिपरीला बदलायची आणि फाट्यापासून चालत यायची. पण वाडीत कधी उतरली नाही. वर दरडीवर, जिथून पायवाट वाळूत येते, तिथं येऊन उभी राहायची. हाक नाही, काही नाही. कुणाचं तरी लक्ष जाईपर्यंत नुसती उभी. मी धावत वर जायचे. ती मला मांडीवर घ्यायची, बिस्किटाचा पुडा द्यायची, माझी नखं बघायची. खाली मोठीमाय मोठमोठ्यानं वेलांशी बोलायची. "पाह्य बाप्पा, उभीच हाय. ना येते, ना जाते." आईला ते ऐकू जाईल एवढा आवाज ती बरोबर लावायची. थोड्या वेळानं आई पदर सारखा करून निघायची. मी दरडीवर बसून रडायचे आणि मला न्यायला मोठेबाबा यायचे, कारण मोठीमाय त्या दरडीवर पाय ठेवत नसे.

तरी मोठीमाय वाईट नव्हती. हे मी आज समजूत म्हणून लिहीत नाही, तेव्हाही मला ते ठाऊक होतं. आई गेली की त्या दिवशी जेवणात मला आवडतो तो झिंग्यांचा रस्सा असायचा. मी जेवत नाही म्हटलं तर ती स्वतःही जेवायची नाही आणि उपाशीपोटी दुप्पट भांडायची.

वाडीतला तिचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे मावा. वेल जोमात आले की पानांच्या पाठीशी हिरवट-काळ्या बारीक किड्यांची दाटी होते. पानं गोळा होतात, चिकट होतात, मुंग्या चढतात आणि फूल धरायच्या आत वेल मान टाकतो. आजूबाजूच्या वाड्यांतले लोक राख उधळायचे, पंप आणून औषध मारायचे. मोठीमाय आधी पान उलटून बघायची. माव्याच्या गर्दीत कुठंतरी एक अळी असे. पाय नसलेली, हिरवट, पाठीवर पांढरी रेघ, जळूसारखी सरकणारी. ती आंधळ्यासारखं डोकं इकडं तिकडं फिरवायची, एखादा मावा तोंडाला लागला की त्याला उचलून वर धरायची आणि चोखून टाकायची. रिकामं टरफल बाजूला, पुढचा मावा. ह्या अळीला मोठीमाय कोतवाल म्हणायची. सुरुवातीला एका वर्षी तिनं वेल खाणारी अळी समजून सगळे कोतवाल वेचून मारले होते आणि त्या साली वाडी पुरती बसली. तेव्हापासून तिचा कायदा होता की कोतवालाले हात लावायचा नाही. ज्या पानावर कोतवाल त्या पानावर राखही पडू द्यायची नाही.

हे कोतवाल येतात कुठून, असं मी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "जिथी मावा तिथी कोतवाल. देवाले कळते न, कुठी कोण पाठवाचं ते." पण देवाचंही काही साली चुकायचं. मावा भरमसाट आणि कोतवाल औषधालाही नाहीत, असं व्हायचं. मग ती देवाला, नदीला आणि शेजारच्या वाडीतल्या पंपाला मिळून शिव्या द्यायची. शिव्या देता देताही फडकं फिरतच असे. खोपडीशेजारी चटणीपुरता सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा होता. त्यातला काही सांबार फुलावर यायचा आणि त्या पांढऱ्या फुलांपुढं बारीक पिवळ्या-काळ्या माशा येऊन हवेत उभ्या राहायच्या. खरंच उभ्या. पंख दिसत नसत, अंग हलत नसे, जणू कुणीतरी दोऱ्यानं टांगल्या आहेत. मग झटकन बाजूला सरकून पुन्हा उभ्या. मोठीमाय त्यांना उभी गांधील म्हणायची आणि सांबाराच्या वाफ्यापाशी तिचा हात सगळ्यात जास्त चालायचा.

एका वर्षी, मी दुसरीत असेन, आई संक्रांतीच्या सुमाराला येऊन गेली आणि मी जेवण टाकलं. मला आईकडे जायचं होतं. रडून झालं, लोळून झालं, मोठेबाबांनी खांद्यावर घेऊन नदी दाखवून झाली. शेवटी मोठीमायनं एक काचेची बाटली धुतली, तिच्यात माव्यानं भरलेलं पान टाकलं, पानावर एक कोतवाल सोडला आणि तोंडाला कापड बांधून बाटली माझ्यापुढं ठेवली.

"याले सांभाळ," ती म्हणाली. "तुले समजन, लेकरू राखणं काय असते ते."

मी सांभाळलं. रोज नवं पान, रोज ताजा मावा. मी शाळेत गेले की मोठीमाय बाटलीकडे बघायची आणि परत आल्यावर मला कोतवालानं काय काय खाल्लं त्याची बातमी द्यायची. तो फुगला, जाड झाला आणि एका दिवशी खायचा थांबला. पानाला चिकटून आखडला आणि त्याचा एक तपकिरी थेंब झाला, पाण्याचा थेंब ओघळता ओघळता वाळावा तसा. मला वाटलं मेला. मी रडायला लागले. मोठीमायलाही तसंच वाटलं, पण ती म्हणाली की झोपला असन, राहू दे. बाटली तिनं खोपडीच्या कुडाला अडकवून ठेवली.

पुढं एका सकाळी ती चुलीवर चहा ठेवत होती आणि मी दात घासत बाटलीकडे बघत होते. थेंबाचं टोपण उघडलं आणि आतून काहीतरी ओलं, फिकं, चुरगळलेलं बाहेर आलं. मी ओरडले. मोठीमाय आली. आमच्या डोळ्यांपुढं त्याचे पंख सरळ झाले, अंगावर रंग चढला. काळ्यावर पिवळे पट्टे. तिचा हात सवयीनं खांद्यावर गेला. तिनं फडकं काढलं, बाटलीचं कापड सोडलं आणि माशी बाहेर येऊन तिच्या बोटावर बसली. मोठीमाय जागच्या जागी थांबली. माशी चावली नाही. तिला नांगीच नव्हती, नुसता अंगरखा गांधीलचा. पंख वाळवून ती उठली, आमच्या तोंडापुढं हवेत क्षणभर उभी राहिली आणि सांबाराच्या वाफ्याकडे गेली.

चहा उतू गेला तरी मोठीमाय उठली नाही. ती वाळूत बसली होती आणि फडकं मांडीवर होतं. मोठेबाबांनी चहा उतरवला आणि काय झालं म्हणून विचारलं. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "एवढे साल मी लेकराले राखत होती, अन् त्याच्या मायले मारत होती."

मला ते वाक्य माशीबद्दलच वाटलं. मी म्हटलं, मग आता नको मारू. मोठीमायनं मला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही. तिच्या लुगड्याला ओल्या वाळूचा आणि डांगराच्या पानांचा वास यायचा. आजही उन्हाळ्यात बाजारात डांगर फोडलं की तो वास येतो आणि मी पिशवी हातात धरून उभी राहते.

त्यानंतर फडकं खांद्यावर राहिलं, पण नुसतं घाम पुसायला. सांबाराचा वाफा तिनं तोडायचा बंद केला. तो माशीचा, असं जाहीर झालं. मोठेबाबांना चटणी सांबाराशिवाय उतरत नसे. त्यांनी एकदा दबक्या आवाजात विचारून पाहिलं, तर तिनं त्यांना सांबार काय, मीठही दिलं नाही. मग ते शेजारच्या वाडीतून काडी-दोन काड्या मागून आणायचे आणि लपवून खायचे. त्या साली कोतवाल एवढे झाले की पान उलटावं आणि दिसावेत. वेल आडवेतिडवे पसरले.

होळीच्या आधी पहिलं डांगर पिकलं. मोठीमायनं ते नदीत सोडलं. दुसरं तोडलं, पण माझ्या ओटीत टाकलं नाही. झिऱ्यातली ओली वाळू आणून तिनं ते खोपडीत तिच्यात पुरून ठेवलं. मी रुसले. ती काम करता करता सारखी दरडीकडे बघत होती. आई यायचा काही दिवस ठरलेला नसे. तरी ती बघायची.

आणि एका दुपारी आई आली. नेहमीसारखी दरडीवर येऊन उभी राहिली. मी धावायला निघाले तर मोठीमायनं माझा दंड धरला. तिनं स्वतः हाक मारली. पलीकडच्या काठावर जाणारा तिचा तो आवाज त्या दिवशी धड दरडीपर्यंतही पोचेना. तिला दोनदा ओरडावं लागलं.

"काऊन उभी राह्यली व तिथी? ये खाली."

आईला आधी खरं वाटलं नाही. तिनं मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला तर बोलावत नाहीत ना. मग चपला हातात घेऊन ती उतरली. वाळू तापली होती, पाय भाजत असतील, पण ती सावकाश, देवळात यावं तशी आली. मोठीमायनं पुरलेलं डांगर काढलं, पदरानं पुसलं आणि आख्खं आईच्या ओटीत ठेवलं. मग दोघी खाली बसल्या आणि रडल्या. माझ्या वडिलांचं नाव कुणीही काढलं नाही. मोठेबाबा जाळं विणत होते. नंतर बघितलं तर त्यातले बरेच फासे चुकले होते.

आई त्या दिवशी एक गोष्ट विचारायची म्हणून आली होती आणि दरडीवरूनच परत जायचं तिनं मनाशी धरलं होतं. डांगर खाऊन झाल्यावर तिनं ती विचारली. घुग्घुसला तिला खोली मिळाली होती, शाळा जवळ होती. "बाई, टुरीले नेऊ का?" ती म्हणाली.

मोठीमायनं बिया गोळा केल्या, राखेत घोळल्या, फडक्यावर वाळत टाकल्या. एवढं सगळं होईपर्यंत आई थांबून राहिली.

"टुरी तुही हाय," मोठीमाय म्हणाली. "मी राखली फक्त. पण हंगाम होऊ दे. अर्धं पिकलेलं मी तोडत नाई."

मी जे रात्रंदिवस मागितलं होतं ते मला मिळालं होतं, आणि मी मोठीमायच्या लुगड्याचा पदर सोडेना. उरलेला हंगाम मी तिच्या पायापायांत होते. ती मला हाकलायची, मांजर म्हणायची, आणि दुसऱ्या क्षणाला कुठी गेली व टुरी म्हणून शोधायची.

वेल सुकले, वाडी मोडली आणि आई मला न्यायला आली. फाट्यावर बसची वाट बघत आम्ही उभे होतो. मोठीमायनं खांद्यावरचं फडकं काढलं, त्यात हंगामातलं शेवटचं डांगर बांधलं आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. फडकं परत आणून देजो, असं तिनं मला बजावलं. मी तिला विचारलं, तू घुग्घुसला येशील ना? ती म्हणाली, येईन न, काऊन नाई येणार. बस आली. मी खिडकीतून बघत राहिले. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि मागचा ट्रक भोंगा वाजवत होता.

ती आली नाही. दर साली हंगामात बसच्या कंडक्टरजवळ तिचं डांगर यायचं, वर चुन्यानं माझ्या नावाची रेघ ओढलेली. तिला अक्षर येत नव्हतं, रेघ म्हणजे मी. शाळेतून घरी येताना मला रोज वाटायचं की आज खोलीपुढं ती बसलेली असेल आणि शेजारणीशी भांडत असेल. घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाच्या धुळीत उंच बाई दिसली की मी धावायचे. जवळ गेल्यावर ती दुसरीच कुणीतरी निघायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी जायचे तेव्हा तिच्याशी भांडायचे. तू खोटारडी आहेस म्हणायचे. ती सांगायची की बसमध्ये तिला उलट्या होतात. पुराच्या पाण्यात डोंगा चालवणाऱ्या बाईला बस लागते, हे मला मुळीच पटलं नाही. फडकं मी काही परत दिलं नाही. आईनं ते भाकरी गुंडाळायला घेतलं आणि धुऊन धुऊन त्याची चाळण होईपर्यंत वापरलं.

मग मी नर्स झाले, गडचिरोलीच्या दवाखान्यात लागले, आईला घेऊन आले. नदी बदलली. वाळूचे ट्रक आले, काही साली तर उन्हाळ्यातही पाणी उतरेना. वाड्या एकेक करून बंद पडल्या. मोठेबाबा गेले. मोठीमायनं घराच्या मागं परसात चार वेल लावले आणि चारच वेलांवर आधीसारखाच गर्व केला. मी तिला गडचिरोलीला बोलावलं की बस लागते, हेच उत्तर.

मागच्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. मी सुट्टी काढायच्या आत माझी आई पिशवी भरून निघाली होती. शेवटचे महिने तिनं केलं सगळं, न्हाऊ घालणं, भरवणं. मी जाऊन येऊन असायचे. एकदा गेले तर दोघी अंगणात बसून माझ्या वडिलांच्या लहानपणच्या गोष्टी करत हसत होत्या. पावसाळा सरताना मोठीमाय गेली. दिवस झाल्यावर आम्ही दोघी परतीच्या बसमध्ये बसलो. मी सहज म्हटलं की बिचारीला बस लागायची, एकदाही आपल्याकडे आली नाही.

आई खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "येत होती न."

मग तिनं सांगितलं. मला घुग्घुसला आणल्यापासून पहिली काही वर्षं मोठीमाय येत असे. पहाटेची बस धरून दुपारच्या सुट्टीच्या वेळी शाळेसमोर, ट्रकच्या वजनकाट्यापलीकडच्या टपरीआड उभी राहायची. मी मैत्रिणींबरोबर डबा खाताना, भांडताना, दोरीवरच्या उड्या मारताना बघायची आणि दुसऱ्या बसनं परत जायची. आईला ती खानावळीतून दिसली होती. आई ताट घेऊन गेली, घरी चला म्हणाली, हात धरला. मोठीमायनं धुळीत उभ्या उभ्याच दोन घास खाल्ले.

"आत नाई येत मी," ती आईला म्हणाली होती. "आत आली तर टुरी म्हणन मले घेऊन चाल. अन् मी नेईन व. मले नाई म्हणता येणार नाई. तू सांगू नोको तिले."

आईनं सांगितलं नाही. मोठीमाय जिवंत असेपर्यंत सांगितलं नाही. मी बसमध्ये रडले आणि पुढच्या सीटवरच्या बाईनं मला पाणी दिलं. मी धुळीत उंच बायांच्या मागं धावले तेव्हा एखाद्या दिवशी ती तिथंच टपरीआड उभी असेल. मी उलट्या बाजूला धावले असेन.

गडचिरोलीत आमच्या क्वार्टरपुढं थोडी जागा आहे. तिथं मी सांबार लावते आणि निम्मा तोडत नाही. थंडी पडली की तो फुलावर येतो. सकाळी ड्यूटीला जायच्या आधी मी चहा घेऊन पायरीवर बसते, आणि कधी कधी एक पिवळी माशी येऊन फुलांपुढं उभी राहते. ना पुढं, ना मागं. मी तिला हळूच म्हणते, काऊन उभी राह्यली व? ये न खाली. ती जरा बाजूला सरकते, पुन्हा थांबते आणि निघून जाते.

आई आतून विचारते, कोणाशी बोलतेस. मी सांगते, मोठीमाय आली होती.

"आत नाई आली?" आई विचारते.

मी म्हणते, नाही. मग आई दुसरा चहा ठेवते.